फी परवडेल, पुण्याचं काय?

‘ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. आतापर्यंत चांगले मार्क आहेत. मला पुणे विद्यापीठात एम.ए. करायचंय. बाबांची साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि थोडा कापूस. ओबीसी आहोत, उत्पन्नाचा दाखला दीड लाखाच्या आतला. बाबा म्हणतात बैलजोडी विकू. आई कानातलं मोडायला निघाली आहे. मामांचं म्हणणं, पुण्याचं खूळ सोड, नांदेड नाहीतर संभाजीनगरला कर. मैत्रीण म्हणते एम.ए.ला नाव घाल, हॉस्टेल मिळव आणि गुपचूप एमपीएससी कर, सगळे तेच करतात. मुलींचं शिक्षण तर आता मोफत झालंय ना? मग नेमका किती खर्च येईल? आणि तिथलं इंग्रजी मला झेपेल का?’

बैलजोडी विकायची नाही आणि आईच्या कानातल्यालाही हात लावायचा नाही. एवढं आधी घरात वाचून दाखव, मग पुढचं निवांत वाच.

तू विचारलंस की खर्च किती येईल. तो कधी येईल हे विचारलं नाहीस, आणि खरी मेख तिथेच आहे. प्रवेशाचे दिवस म्हणजे जून-जुलै. तुमच्याकडे तेव्हा पेरणी चालू असते. बियाणं, खत, मजुरी सगळं एकदम अंगावर येतं आणि घरात रोकड नावालाही नसते. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या पुढेमागे, कापसाचे त्याच्याही नंतर. शिष्यवृत्ती यायला तर वर्ष उलटतं, कधी पुढचं वर्ष सुरू होतं. पुण्यात मात्र घरमालकीण पहिल्या दिवशी डिपॉझिट घेते आणि मेसवाल्या काकूंना महिन्याचे पैसे एक तारखेला लागतात. सरकार उशिरा देतं, पुणं आगाऊ घेतं. हुशारी कमी पडली म्हणून गावी परतलेली मुलगी मी क्वचित पाहिली. ऑक्टोबरात मेसचे पैसे थकले म्हणून बॅग भरलेल्या पुष्कळ पाहिल्या. तेव्हा आपल्याला सोडवायचं आहे ते जुलै ते डिसेंबर एवढंच. बाकीचं विद्यापीठ बरंचसं सांभाळून घेतं.

आता ‘पुणे विद्यापीठ’ म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर नक्की काय आहे, ते एकदा स्पष्ट करून घेऊ. गणेशखिंडीतला ४११ एकरांचा परिसर, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्याची ती मनोऱ्याची मुख्य इमारत, वडाची झाडं, जयकर ग्रंथालय. १९४९ साली हे विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, आणि २०१४ पासून नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पण या विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांतले बहुतेकजण त्या आवारात शिकतच नाहीत. ते पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या शेकडो संलग्न कॉलेजांत शिकतात. पदवीवर नाव तेच, मिळणारं शिक्षण आणि सोयी मात्र कॉलेजागणिक वेगळ्या. तू म्हणतेस तो विभाग, राज्यशास्त्र व लोकप्रशासन, तो आवारातला. राजेंद्र व्होरा, यशवंत सुमंत, सुहास पळशीकर यांच्यासारखी माणसं तिथे शिकवून गेली. महाराष्ट्राचं राजकारण अभ्यासायचं तर हा पत्ता चुकीचा नाही. त्याच आवारात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे, शर्मिला रेगे यांनी नावारूपाला आणलेलं. तिथला अभ्यासक्रमही बघून ठेव. तुझ्या पत्रात गावातल्या महिला सरपंच आणि त्यांच्या नवऱ्यांबद्दलची जी चार वाक्यं होती (ती मी इथे छापली नाहीत), त्यावरून तुला तो विषय रुचेल असं वाटतं.

आवारातल्या विभागांसाठी ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते, बहुपर्यायी प्रश्नांची. अर्ज साधारण उन्हाळ्यात निघतात, तुमच्या सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षांच्या आसपास. शेवटच्या वर्षाच्या निकालाची वाट बघत बसू नकोस. निकाल लागायचा असलेल्यांनाही अर्ज करता येतो, निकाल प्रवेशाच्या वेळी दाखवायचा. दर वर्षी काही मुली याच गैरसमजात राहतात आणि निकाल हातात घेऊन येतात तेव्हा यादी लागून गेलेली असते. परीक्षेचा अभ्यास म्हणजे पदवीचाच अभ्यास: भारतीय संविधान, राजकीय विचारवंत, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध. गाइडं बाजूला ठेव. तीन वर्षांत गाइड वाचून पास झाली असशील तर (लाजू नकोस, बहुतेक सगळेच तसे पास होतात) हे दोन महिने मूळ पुस्तकांना दे.

अर्ज भरताना एकाच विभागावर सगळं लावू नकोस. आवारातले दोन विषय भर, आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचाही अर्ज भर. मामांचं म्हणणं मी खूळ म्हणून सोडून देत नाही, त्यावर शेवटी येते.

कागदपत्रांचं काम आजपासून सुरू कर. प्रवेशाची तारीख जाहीर झाल्यावर तहसीलला गेलीस तर तिथे तुझ्यासारखे दोनशेजण रांगेत असतात आणि सर्व्हर बंद असतो. जातीचा दाखला असेलच. नॉन-क्रिमीलेअर काढून त्यावरची वैधतेची तारीख डोळ्यांनी वाच; ३१ मार्चला संपलेलं प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलीला राखीव जागेवरून खुल्या यादीत ढकलतात, आणि तिथे तिचा नंबर लागत नाही. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा. डोमिसाइल. टीसी. आणि तू नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून येणार म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट. हे कॉलेजात मिळत नाही, विद्यापीठाकडून काढावं लागतं, आणि पुण्यात पात्रता कायम होण्यासाठी ते लागतंच. निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाक. शिवाय डिजिलॉकर आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (तुझे सेमिस्टरचे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात त्याचा) आयडी. तो कॉलेजनं बहुधा काढून दिला असेल, नसेल तर मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे.

‘मुलींचं शिक्षण मोफत’ याबद्दल. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, शेती वगैरे, जिथे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश होतात तिथे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. एम.ए. त्यात धरून चालू नकोस. आणि ज्यांना तो लागू होतो त्यांनाही राहणं, जेवण, एसटी, पुस्तकं यांचा खर्च असतोच. गावातल्या चावडीवर ‘मोफत’ हा एकच शब्द पोहोचला आणि बाकीचा शासन निर्णय वाटेत राहिला.

तरी घाबरू नकोस. अनुदानित विभागातली एम.ए.ची फी हा या सगळ्या हिशोबातला सगळ्यात हलका आकडा आहे. खासगी विद्यापीठांची जी फी तू इंटरनेटवर बघून धसका घेतलास तिचा आणि हिचा काही संबंध नाही. मात्र त्याच आवारात काही अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत, त्यांची फी बरीच चढी. अर्ज करताना अभ्यासक्रमाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाच. राखीव प्रवर्गातून, शिष्यवृत्तीला पात्र असशील तर प्रवेशाच्या खिडकीवर पूर्ण फी मागितली म्हणून निमूट भरू नकोस. पात्र विद्यार्थ्यांकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत. कारकुनाशी वाद घालत बसण्यापेक्षा विभागप्रमुखांना साध्या कागदावर अर्ज दे: शिष्यवृत्तीस पात्र आहे, उरलेली रक्कम हप्त्यांनी भरू द्यावी. विभागप्रमुखाची सही असलेला कागद खिडकीवर जे काम करतो ते आपली बाजू बरोबर असूनही आपण करू शकत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मुलींचे पैसे अडकतात ते नेमके इथे. पहिली गोष्ट, आधारला जोडलेला मोबाइल नंबर. तुझ्या आधारला बाबांचा नंबर असेल आणि बाबा दिवसभर शेतात, तर पुण्यात बसून ओटीपी मिळायचा नाही. प्रवेशाआधी आधार केंद्रावर जाऊन तुझा स्वतःचा नंबर लाव. दुसरी गोष्ट, बँक खातं. तू अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहिलास तरी थेट लाभाचे पैसे आधारशी सीड झालेल्या, म्हणजे जोडलेल्या, खात्यात जातात. शाळेत असताना किंवा जनधनमध्ये आईनं उघडून दिलेलं एखादं खातं त्याला जोडलेलं असतं, ते वापरात नसतं, केवायसी संपलेली असते, आणि पैसे तिथे जाऊन परत फिरतात. इकडे मुलगी म्हणते शिष्यवृत्ती आलीच नाही. बँकेत जाऊन एवढंच विचार: माझं आधार एनपीसीआयला (बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेकडे) कुठल्या बँकेशी मॅप आहे? चालू खात्याशी करून घे आणि मग अर्ज भर.

तिसरी गोष्ट, ‘सेंड बॅक’. अर्ज भरला, सबमिट झाला, म्हणजे झालं असं समजून मुली पोर्टल पुन्हा उघडत नाहीत. विभागातल्या टेबलावर तो तपासला जातो, उत्पन्नाच्या दाखल्याची फोटोकॉपी पुसट आहे म्हणून परत पाठवला जातो, आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते. दर आठवड्याला, रविवारी म्हण, लॉगिन करून स्थिती बघायची. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो हेही लक्षात ठेव.

वसतिगृह मिळालं नाही तर तुझ्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, घरापासून दूर शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि जिल्ह्यागणिक जागा ठरलेल्या, म्हणून गुणवत्तेवर निवड. अटी आणि मुदत इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या पुणे जिल्ह्याच्या कार्यालयात विचार; त्याच विभागाची मुलींची वसतिगृहंही जिल्ह्याजिल्ह्यात सुरू झाली आहेत, त्याचा अर्ज तिथेच. हेच पत्र अनुसूचित जातीच्या मुलीचं असतं तर मी स्वाधार सांगितली असती, आदिवासी मुलीचं असतं तर स्वयंम. रचना सारखीच आहे. आणि दुखणंही सारखं: पैसे मिळतात, पण तू ते आधी खर्च केल्यावर. म्हणून या ६० हजारांवर जुलैचं भाडं ठरवायचं नाही. ते आले की आधी उसने घेतलेले फेडायचे.

आता राहण्याचं. आवारातल्या मुलींच्या वसतिगृहात जागा गुणवत्तेनं आणि प्रवर्गानं मिळते, प्रवेश झाल्यानंतर यादी लागते, आणि ती यादी तास सुरू झाल्यावरही लागू शकते. मधले आठवडे कुठे काढायचे हा प्रश्न प्रत्येक बॅचला पडतो. ओळखीच्या सीनियरच्या खोलीत चोरून राहणाऱ्यांना तिथे ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द वाईट आहे पण हॉस्टेलवर सगळे सहज वापरतात. त्या वाटेला जाऊ नकोस. तपासणी होते, दंड बसतो, आणि जिनं तुला आसरा दिला तिचीही खोली जाते. त्यापेक्षा एक महिन्यासाठी कॉट बेसिसवर राहा. गोखलेनगर, शिवाजीनगर, खडकी, औंधगाव या बाजूंना विद्यापीठ जवळ पडतं; बाणेर-पाषाणकडे आयटीतल्या पगारांनी भाडी चढवून ठेवली आहेत. एका खोलीत तीन-चार कॉट, भाडं साधारण तीन ते सहा हजार, डिपॉझिट एक ते दोन महिन्यांचं. खोली बघायला जाशील तेव्हा भाड्याच्या आधी तीन गोष्टी विचार: पाणी किती वाजता येतं, मध्येच सोडलं तर डिपॉझिट किती कापणार, आणि रात्री दार किती वाजता बंद. जयकरमधून रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला साडेआठला कुलूप लावणारी मालकीण परवडत नाही. दलालाला पैसे देऊ नकोस. विभागातल्या सीनियर मुली फुकटात खोली शोधून देतात, त्यांना आपल्या गटात एक कॉट भरायचाच असतो.

विद्यार्थी साहाय्यक समितीचं नाव बाबांना सांग. अच्युतराव आपटे यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेली पुण्यातली संस्था, खेड्यातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. प्रवेश अर्ज आणि मुलाखतीनं होतो, तेव्हा कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेतात ते लवकर विचारून घे.

जेवण दोन वेळची मेस धरून महिना तीन ते चार हजारांच्या आसपास. आवारात रिफेक्टरी आहे, अनिकेत कॅन्टीन आहे. अनिकेतचा चहा हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे असं तुला तिथले सगळे सांगतील. खरंच आहे ते, फक्त दिवसाला चार चहा आणि दोन वडापाव असा अभ्यास केलास तर महिन्याला तेवढ्यातच बरेच पैसे जातात. येण्याजाण्याचं सोपं आहे. परभणीहून नांदेड–पनवेल एक्स्प्रेस संध्याकाळी पकडलीस की पहाटे पुणे, आणि एसटीनं आलीस तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले जे तिकीट सांगतात ते ऐकून गावी जायचा बेत रद्द करणारी मुलं दर वर्षी असतात; तू रेल्वेचं आरक्षण आधीच करून ठेव.

सगळं धरून तुला जुलैत हाताशी ४० हजार लागतील. त्यात सुरुवातीची फी, एक महिन्याचं डिपॉझिट, तीन महिन्यांचं भाडं-मेस आणि किरकोळ खर्च बसतो. हॉस्टेल मिळालं तर यातले बरेच उरतील. हे ४० हजार कुठून आणायचे? बैल विकून नाही, कारण बैल जुलैत विकले तर पेरणी-कोळपणी भाड्याच्या औतानं करावी लागेल, म्हणजे तुझ्या शिक्षणासाठी त्या वर्षीचं पीकच महाग करून घ्यायचं. सावकाराकडून तर नाहीच. मामांनाच विचार. जो माणूस सल्ला देतो त्याला सहा महिन्यांसाठी २० हजार उसने मागायचा आपल्याला हक्क असतो, आणि सोयाबीन विकलं की परत करायचे असं लिहून द्यायचं. उरलेले आत्यांकडून, भिशीतून, आईच्या बचत गटातून. गटाचं कर्ज व्याजानं असतं पण ते व्याज सावकाराच्या पासंगालाही पुरत नाही, आणि गटातल्या बायकांना मुलगी पुण्याला शिकायला चालली हे कारण कळतं.

कमवा आणि शिका ही योजना विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते. ग्रंथालय, विभागाचं कार्यालय, बाग अशा ठिकाणी रोज दोन-तीन तासांचं काम आणि तासाप्रमाणे मानधन. प्रवेश झाल्या झाल्या अर्ज कर. यातून मेसचा मोठा वाटा निघतो, भाडं निघत नाही, आणि मानधनही महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही. तरी करच. ग्रंथालयात काम मिळालं तर कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे वर्गातल्या कुणाहीपेक्षा तुला आधी कळेल.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. एम.ए.ला नाव घालून एमपीएससी करणाऱ्यांनी जयकरची अभ्यासिका भरलेली असते. सकाळी दार उघडायच्या आधी सॅक रांगेत लावलेल्या असतात, माणसं नंतर येतात. त्यांची मेहनत खोटी नाही. पण आता एम.ए.च नवीन शैक्षणिक धोरणानुसार आहे: पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर, पुढे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, प्रकल्प, सतत अंतर्गत मूल्यमापन. गुपचूप दुसरं काही करायला फारशी फट राहिलेली नाही. दोन वर्षांनी हातात पन्नास टक्क्यांचं एम.ए. आणि पूर्वपरीक्षेचा थोडक्यात हुकलेला कटऑफ, अशी मुलं मी इतकी बघितली आहेत की मैत्रिणीचा हा बेत मला हुशारीचा वाटतच नाही. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. गाइडांतून पाठ केलेल्या ओळींपेक्षा, दोन वर्षं मन लावून वाचणाऱ्या आणि दर महिन्याला निबंध लिहिणाऱ्या मुलीला ती सोपी जाईल. अधिकारीच व्हायचं असेल तर एम.ए. नीट कर, मग परीक्षा दे. महाज्योती ही सरकारी संस्था ओबीसी मुलामुलींना तयारीसाठी मदत करते, तेव्हा तो अर्ज कर. आणि मुळात एम.ए. नकोच असेल तर पुण्याला येऊच नकोस, जिल्ह्याच्या अभ्यासिकेत बसून तेवढाच अभ्यास होतो आणि ताट घरचं असतं.

प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट हेच विद्यापीठ घेतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये, आणि त्यावर पीएच.डी. आरामात होते. फक्त कायम नोकऱ्यांची स्थिती माहीत असू दे: सेट झालेले, पीएच.डी. झालेले कितीतरीजण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. हे तुला पत्रिका बघणाऱ्यासारखं घाबरवायला सांगत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात याचा विचार करावा लागेल, तेव्हा अचानक कळायला नको.

इंग्रजीचं म्हणशील तर पहिले दोन महिने कळणार नाही. शिक्षक आवारात बऱ्याचदा इंग्रजीत आणि मराठीत मिसळून शिकवतात, वाचायला दिलेलं मात्र बहुतेक इंग्रजीत असतं. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येईल का हे प्रवेशाच्या दिवशीच विभागात विचार. एक उपाय उपयोगाचा आहे: दर आठवड्याला वाचायला दिलेल्या लेखातला एकच लेख निवडायचा आणि त्याचं परिच्छेदागणिक मराठीत टिपण करायचं. हातानं, वहीत. डिसेंबरपर्यंत तुझा वेग दुप्पट झालेला असेल. बोलायचं म्हणशील तर तू ‘काय करायलीस’ म्हणालीस की कुणीतरी हसेल. पहिल्या आठवड्यात हसतील, मग त्या वर्गात अर्धी मुलं लातूर-बीड-नांदेडचीच आहेत हे तुझ्या लक्षात येईल. नाशिक-नगरची मुलंही आपापल्या बोलीवरून टोमणे खाऊन बसलेली असतात. आणि कुणी जातीवरून, बोलीवरून हद्द ओलांडली तर ती गंमत म्हणून गिळायची नाही. विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार करायची, तारखेसकट.

आता मामा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असं की पुण्याचं नाव म्हणजे पुण्याचं शिक्षण नव्हे. म्हणून मी तुला सरळ निकष देते. आवारातल्या विभागात प्रवेश मिळाला तर ये, हॉस्टेल नंतर मिळालं तरी चालेल. आवारात मिळाला नाही आणि शहरातल्या एखाद्या संलग्न कॉलेजात, कॉट बेसिसवर राहून, आठवड्यात चार तास होतात अशा ठिकाणी एम.ए. करायची वेळ आली, तर येऊ नकोस. त्यापेक्षा संभाजीनगरचं विद्यापीठ कितीतरी चांगलं: आवार आहे, ग्रंथालय आहे, राहणं स्वस्त आहे, आणि नामांतराच्या लढ्याचा इतिहास त्या आवाराच्या भिंतींनाच चिकटलेला आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला तेही कमी शिक्षण नाही. मामांना हे वाक्य दाखव, ते २० हजार द्यायला तयार होतील.

आणि या वर्षी कुठेच जमलं नाही तर येत्या हिवाळ्यात सीयूईटी-पीजीचा अर्ज भर. त्या एका परीक्षेवर हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू अशा केंद्रीय विद्यापीठांत प्रवेश होतात, तिथली फी आणि हॉस्टेल पुण्यापेक्षाही स्वस्त पडतं. तिकडे मराठी मुलं कमी जातात, कारण अर्जाची तारीख आपल्याकडे कुणाला माहीतच नसते. त्यासाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं लागतं. राज्याचं चालत नाही. तहसीलला नॉन-क्रिमीलेअरसाठी जाशीलच, तर त्याच फेरीत तेही मागून घे.